समुद्राची उंची मोजणारे सर

कुणी उंचीचा आकडा सांगितला की सर लगेच विचारायचे, "कशापासून?" मग तो तोरणा किल्ल्याचा असो, नाहीतर समोरच्या नव्या इमारतीचा. त्यामुळे कार्यालयात सगळे त्यांना पाठीमागे 'कशापासून सर' म्हणत. मी भोरची, ते वेल्ह्याच्या वाटेवरच्या विंझरचे. माझ्याशी मात्र ते गावाकडचंच बोलत.

आमचं काम कोकण किनाऱ्यावरचं. छोट्या विमानाच्या पोटात लेसरचं यंत्र बसवलेलं असे. त्याचा किरण लाटांवर आदळून परत यायचा आणि त्याला लागलेल्या वेळेवरून समुद्र कुठं किती वर आहे ते कळायचं. खाडीकाठच्या कुठल्या वस्त्यांत पाणी शिरेल, याचे नकाशे त्यावरून ठरणार होते. "आमची आई म्हणायची, पानी सपाटच असतंय. तिला दर्या दाखवायचा ऱ्हायला," एकदा विमानात ते म्हणाले. घरचं ते बोलले एवढंच. लग्न केलेलं नव्हतं. रविवारीही ते कार्यालयात येऊन एकटेच लाटांचे आलेख बघत बसत.

उड्डाणाआधी यंत्राचे स्क्रू तपासायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. एका वर्षी हंगाम संपला, अहवाल तयार होत आला, आणि यंत्र उतरवताना त्यांना एक स्क्रू ढिला सापडला. तेव्हा तिथं दुसरं कुणीच नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. दुसऱ्या दिवशी बैठकीत ते उभे राहिले.

"शेवटचा महिनाभर मी पाना लावला नाही, नुसता हात फिरवला. बोटं दुखत होती. स्क्रू कधी ढिला झाला ते मला सांगता येत नाही. त्या महिन्यातलं एकही माप वापरू नका."

अहवाल थांबला. भांडलं कुणी नाही, पण दुपारी जेवायला त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. माझी बढती त्या अहवालावर अडकली होती; मीही डबा उचलून दुसरीकडे गेले. पुढच्या हंगामाआधीच सर निवृत्त होऊन गावी गेले; तोवर ते एकटेच जेवले.

पुढच्या हंगामात आम्ही तो पट्टा पुन्हा मोजला. जुन्या मापांत समुद्र वीतभर खाली दिसत होता. ते नकाशे तसेच गेले असते, तर दोन वाड्या सुरक्षित म्हणून दाखवल्या गेल्या असत्या. हे सांगायला आणि माफी मागायला मी विंझरला गेले. माफीचे शब्द एसटीत मनाशी जुळवत होते.

सरांनी सुजलेल्या बोटांनी स्वतःच चहा केला. वाड्यांचं ऐकून म्हणाले, "बरं झालं." मग त्यांनी कपबशी माझ्यापुढं सरकवली.

"तितं आता तुज्यासंगं जेवायला कोन असतं?"

"सगळे असतात, सर."

"मग लई बरं हाय. एकटीनं जेवत जाऊ नको."

माफी न मागताच चहा संपवून मी निघाले. दिवाळीनंतर सर गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांचा तेरावाही होऊन गेला होता.