शेवटचा सा

लेकीच्या पियानोच्या बाईंनी तिला आर्मेनियन लोकगीतांवर बांधलेल्या छोट्या छोट्या रचना शिकवायला घेतल्या आणि माझी चिडचिड सुरू झाली. त्यातली एक जेमतेम पानभर. डावा हात तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून बसतो, उजवा गात राहतो, आणि ‘सा’वर येता येता अलीकडेच थांबतो. मी लहानपणी आईकडे पेटी शिकले आहे. सा लागल्याशिवाय गाणं संपलं, असं मला वाटतच नाही. भाजी चिरता चिरता मी रोज त्या सुराची वाट बघायची आणि लेक खुशाल उठून फ्रिजकडे जायची.

शेवटी इथे परदेशात, श्रूजबरीत शिकवणाऱ्या त्या पियानोच्या बाईंना मी विचारलंच, "कॉपी काढताना खालची ओळ कापली गेलीय का?"

बाई स्वतः आर्मेनियन. त्या हसून म्हणाल्या, "नाही हो. ते तिथेच संपतं."

त्याच संध्याकाळी लेक वाजवून उठली, तशी मी ओल्या हातानेच पियानोपाशी गेले आणि सा दाबला.

"आई! इट वॉज ओव्हर," ती वैतागली. "आता बरं वाटलं?"

नाही वाटलं. तिकडे मायदेशी असलेल्या माझ्या आईचं फोनवर बोलणं अर्धवट असताना "चल, ठेवते" म्हणून मी फोन ठेवते. त्यानंतर घरात जी शांतता पसरते, तीच आताही पसरली होती.