हजेरीबाईंची रजा

आमच्या वरच्या मजल्यावर ज्या बाई राहतात त्यांना सगळी गल्ली हजेरीबाई म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. त्या शाळेच्या कचेरीत कामाला आहेत. सकाळची घंटा होऊन वर्गावर्गांतून गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या आल्या की त्या खुर्ची पुढे ओढतात, चष्मा नाकावर घेतात आणि एकेका घरी फोन लावतात. "शाळेतून बोलतेय. आज मूल आलं नाही. कारण कळेल का?" एवढंच. आवाज कधी चढवत नाहीत, पण तो ऐकला की भल्याभल्यांची गाळण उडते. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणतो, "पोलिसांचा फोन परवडला हो. त्यांना काहीतरी थाप मारता येते."

शाळेचा नियम साधा आहे. सत्र चालू असताना फिरायला, पाहुण्यांकडे, सहलीला म्हणून मुलाला न्यायचं नाही. मूल आजारी असेल, घरात कोणी गेलं असेल, नाहीतर जवळचं माणूस अंथरुणाला खिळलं असेल, तरच रजा. लोकांना हे पटत नाही असं नाही. पण सुट्टी लागली की गाड्यांची भाडी आभाळाला भिडतात आणि सत्रात तीच निम्म्यावर येतात. मग लोक मुलांना ताप आणतात. एकदा एक आई फोनवर सांगत होती, पोराला डोळे उघडवत नाहीत इतका ताप आहे, आणि मागून पोरगं ओरडलं, "आई, माझा पोहायचा चष्मा कुठे ठेवलास?" हजेरीबाई म्हणाल्या, "ताप उतरला की पाठवा. चष्मा घरीच ठेवा."

हा किस्सा गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. सगळे पोट धरून हसतात. पण बाईंना चहाला कोणी बोलवत नाही. त्या वाण्याच्या दुकानात शिरल्या की चाललेलं बोलणं बंद पडतं. त्या दिवशी शाळेत न गेलेलं मूल बरोबर असलेली आई त्यांना लांबून पाहून रस्ता ओलांडते, मग मूल खरोखर दवाखान्यातून येत असलं तरी. बाईंना ते दिसतं. त्या मान खाली घालून चालतात, म्हणजे समोरच्याला ओलांडायला सोपं जावं.

नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक वाढवली ती याच नोकरीवर. लेक लग्न होऊन लांब, समुद्रकाठच्या गावी गेली. जावई तिथल्या मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी, लेक त्याच हॉटेलात पाहुण्यांना खोल्या देण्याघेण्याचं बघते. म्हणजे जगाला सुट्टी लागली की या दोघांना मान वर करायला सवड नाही, आणि यांना सवड मिळते तेव्हा नातीची शाळा चालू. बाईंनी नातीला ती लहान असतानाच खारू म्हणायला सुरुवात केली होती, कारण ती खारीसारखी ताटातलं उचलून कोपऱ्यात जाऊन खायची. बाईंनी सुट्टीत तिकडे जायचं म्हटलं, तर त्या दिवसांत हॉटेलचे जादा नोकर लेकीच्याच घरात मुक्कामाला असतात, पाठ टेकायला जागा नसते. असं करता करता दोन-तीन वर्षं गेली. रविवारच्या फोनवर खारूचा आवाज तेवढा मोठा होत गेला.

मग एका संध्याकाळी माझ्या छताला पावलं फुटली. धावाधाव, खुर्ची सरकल्याचा आवाज, कोणीतरी पलंगावरून उडी मारली. वर माणसं राहतात हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. थोड्या वेळाने बाई दारात. केस विस्कटलेले, तोंडभर हसू.

"वहिनी, एखादी गादी मिळेल का? लेक आली आहे. न कळवता आली हो, खारूला घेऊन!"

दिवस सत्राचा होता. माझ्या जिभेच्या टोकावर प्रश्न आला आणि मी तो गिळला. बाईंनीही तो गिळला असावा, कारण गादी वर चढवताना मी ऐकलं, त्या खारूला आवडती भाजी कोणती, झोपताना दिवा लागतो का, असं सगळं विचारत होत्या. जो प्रश्न त्या रोज साऱ्या गावाला विचारतात, तो मात्र त्या रात्री त्यांनी घरात काढला नाही.

सकाळी प्रार्थना आटोपून मी पोरीसाठी दूध घेऊन वर गेले. बाई कामावर निघाल्या होत्या, एक पाय बुटात, एक बाहेर. खारू पलंगावर पाय हलवत पावाचा तुकडा कुरतडत होती. तेवढ्यात फोन वाजला आणि बाईंनी सवयीने उचलला.

"हो, मीच. तिची आजी."

लेक स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या तोंडाचा रंग पाहून मला काय ते उमगलं. तिकडची शाळा इकडच्याहून आधी भरते. तिकडच्या कचेरीतली बाई आपलं काम करत होती. लेकीने रजेच्या अर्जात लिहिलं होतं, आजी अत्यवस्थ आहे. आजारी माणसाच्या घरचा नंबर द्यावा लागतो, तो दिला होता. आईला रात्री सांगू असं तिने ठरवलं होतं आणि आईचा आनंद पाहून सांगायचं राहिलं.

लेक हातांनी खुणा करत होती. मग तिने हात जोडले. बाई तिच्याकडेच बघत होत्या.

"नाही," बाई फोनवर म्हणाल्या. "अंथरुणाला नाही. माझी तब्येत ठीक आहे." मग पलीकडचं ऐकून, "हो, मुलगी इथेच आहे. तिचीही ठीक आहे."

फोन ठेवला. लेक समोर येऊन उभी राहिली.

"आई, एक हो म्हणाली असतीस तर काय झिजलं असतं तुझं?"

"अगं, ती बाई कामावर होती."

"आणि मी कोण? मी तुझी कोण?"

"तू मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू आदल्या दिवशीच फोन करून कळवलं असतंस!" लेक हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "काकू, तुम्हीच सांगा. यांच्या नियमात आजीला नुसतं भेटायची सोय कुठे आहे? आजी मरायला टेकली तर या, नाहीतर येऊ नका. मी काय करू? मी टेकवली हिला मरायला."

मी दुधाचा पेला खारूच्या हातात दिला.

बाईंनी दुसरा बूट घातला. "संध्याकाळी बोलू," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यांनाही उशीर चालत नाही.

संध्याकाळी बोलायला कोणी नव्हतं. दुपारच्या गाडीनेच मायलेकी परत गेल्या. जाताना लेकीने गादी घडी करून माझ्या दाराशी आणून ठेवली आणि म्हणाली, "काकू, आईकडे लक्ष ठेवा." खारूने हात हलवला. शाळेने तिकडे लेकीला बोलावून घेतलं, समज दिली, आणि पुन्हा असं झालं तर पोरीचं नाव पटावरून काढू म्हणून बजावलं. एवढं एका निरोपात कळवून लेकीने रविवारचा फोन बंद केला. बाई करायच्या, तर जावई उचलायचा. "ती कामात आहे, आई." दर वेळी कामात.

खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी देव असतो असं मी लहानपणापासून ऐकत आले आणि मानतेही. पाठीशी असतोच. पण समोरच्या खुर्चीवर बसायला कोणी नसतं, हे त्या दिवसांत मी पाहिलं. बाई घरी येत, दिवा लावत, आणि मग माझ्या छतावर काहीच वाजत नसे. मी प्रार्थनेत त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त बोलू लागले. मागायचं काय ते मात्र नीट कळेना. त्या चुकल्या, असं म्हणवत नव्हतं. लेक चुकली, असंही म्हणवत नव्हतं.

एकदा त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. नियमात एक ओळ घाला म्हणाल्या: आजीआजोबा लांब असतील तर वर्षातून एकदा भेटीची रजा. मुख्याध्यापक माणूस चांगला, पण खो खो हसला. "बाई, असं केलं तर उद्यापासून समुद्रकाठी सगळ्यांना आज्या फुटतील! आणि ते तुम्ही मला सांगता?" बाईंना हसू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या रजेचा अर्ज दिला. नोकरी लागल्यापासून सत्राच्या मध्ये त्यांनी रजा घेतलेली कोणाला आठवत नव्हती. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला.

"कारण, 'नातीला भेटायचे आहे'? अहो, घरगुती कारण लिहा. सगळे तसंच लिहितात."

"पण नातीलाच भेटायचं आहे," बाई म्हणाल्या.

रजा मिळाली. मोठ्या माणसांना मिळते. दुसऱ्या दिवशी गल्लीत न्हाव्याने जाहीर केलं, "ऐका हो! हजेरीबाई गैरहजर!" आणि म्हणे त्या आठवड्यात बऱ्याच पोरांना ताप आला.

मी रोज जिन्याकडे कान लावून होते. वाटलं, जितके जास्त दिवस राहतील तितकं बरं. पण रजा संपायच्या आधीच जिन्यात त्यांची पावलं वाजली. मी दार उघडून उभी राहिले. "आधी चहा घ्या," म्हटलं. त्या पिशवीसकट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग मला वाटलं, मी तरी त्यांना याआधी कधी बोलावलं होतं?

"लवकर आलात?"

"काय करू तिथे राहून? जावई पहाटे जातो, लेक त्याच्या मागून, पोर शाळेत. दिवसभर मी आणि त्यांच्या भिंती. म्हटलं, आपल्याच भिंती काय वाईट."

"लेक बोलली?"

"बोलली ना. मीठ कमी आहे का, पाणी गरम लागतं का. पाहुण्यांशी बोलतात तसं." त्यांनी कप फिरवला. "हॉटेलात असते ना. तिथे सगळ्यांशी गोडच बोलावं लागतं."

मी नळाखाली एक भांडं उगाच विसळलं.

"पण निघायच्या दिवशी," त्या म्हणाल्या, "खारू हटून बसली, आजीला स्टँडवर सोडायला येणार. माझी गाडी सकाळची, तिची शाळा सकाळची. मला वाटलं, लेक रागवेल. तर लेक म्हणाली, येऊ दे तिला. आज नाही पाठवत शाळेत. बाई विचारतील ते मी बघेन. आणि माझ्याकडे बघत राहिली."

"मग?"

बाईंनी कप खाली ठेवला. लेकीने समेटाचा हात पुढे केला होता, हे त्यांना पुरतं कळलं होतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मी खारूला विचारलं, पहिला तास कसला आहे गं? गणिताचा, म्हणाली. म्हटलं, मग जा बाळा."

"अहो!"

"त्या कचेरीतल्या बाईने विचारलं असतं. लेकीला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं, माझ्यासाठी. या खेपेला बोलली असती तर पोरीचं नाव गेलं असतं, वहिनी."

"हे सांगितलंत का लेकीला?"

"सांगायला तोंड उघडलं. तोवर ती पोरीची वेणी घालायला बसली होती. पाठ माझ्याकडे." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "निघताना डबा दिला हातात. वाटेत खा, म्हणाली. पाव होता, लोणी लावलेला. लहानपणी मी तिला द्यायची तसा, कडा कापून."

"म्हणजे राग गेला असेल."

"कोण जाणे. हॉटेलातही निघणाऱ्या पाहुण्यांच्या हातात तिला असेच डबे द्यावे लागतात."

बाहेर दुधवाल्याची सायकल वाजली. बाई उठल्या नाहीत.

"गाडी तिच्या शाळेवरूनच जाते," त्या म्हणाल्या. "मैदानात पोरं रांगेत उभी होती. मी खिडकीला नाक लावून बघत होते. पण लांबून सगळी सारखीच दिसतात हो. एकसारखे कपडे, एकसारख्या वेण्या. कुठली आपली, कळलंच नाही."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. त्या नको म्हणाल्या नाहीत.