दुसरा वाटा

मी संशयी माणूस आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. नर्सरीवाल्यानं संशयी असायलाच पाहिजे. बियाण्याच्या पाकिटावर चित्र एक असतं आणि उगवतं भलतंच. म्हणून धाकटा भाऊ वेगळा निघाला, तेव्हा मी एकेका गोष्टीकडे डोळे बारीक करून पाहत होतो.

आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी, पिपरी मेघेच्या थोडं पुढं. मिरची, वांगे, टमाटर, कोबी. वाटणी आमच्याकडच्या रीतीनं झाली: मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. पाडणाऱ्यानं कपट केलं तर ते त्याच्याच गळ्यात पडतं. मी ट्रे, पाइप, हिरवी जाळी यांचे दोन ढीग केले. भावानं नीट पाहिलंसुद्धा नाही, पटकन एक उचलला. मला तिथंच शंका आली. इतक्या घाईत उचलतो म्हणजे याचा डोळा दुसरीकडेच आहे!

दुसरीकडे म्हणजे गिऱ्हाइकांवर. नर्सरीचा मोबाइल एकदा पाण्याच्या टाक्यात पडला, तेव्हापासून सगळे नंबर टिनाच्या खोलीतल्या कंप्युटरवर ठेवलेले. त्याच प्रोग्राममध्ये शेजारी बुकमार्क: बाजारभाव, हवामान, बियाणं कंपन्यांची पानं. भरलं सगळं भावानंच.

"दादा, याचे वाटे नाई पाडत काय?" त्यानं विचारलं होतं.

मी खेकसलो, "गिऱ्हाईक का वांगे आहेत, पसाभर तुले, पसाभर मले? काई पाडत नाई मी."

 पण नाचणगावला स्वतःची नर्सरी टाकायला निघायच्या दिवशी तो बराच वेळ कंप्युटरपुढं बसून होता. मी दारातून विचारलं, "काय करून राह्यला रे?"

"काई नाई दादा, नीट लावून देतो. पाहून घेजा, अन् सांगजा मले."

दुसऱ्या दिवशी यादी उघडली तर अर्धी गिऱ्हाइकं गायब! वडनेरकडचे मोठे मिरचीवाले, जे दरवर्षी गाडी भरून रोपं नेतात, त्यांतले कितीतरी नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नीट लावून देतो म्हणे! दिवसाढवळ्या लावला की चुना.

बायको म्हणाली, "फोन करून इचारा ना त्याले."

"चोराले इचारू, तू चोरी केली काय म्हणून?"

तिच्यावर तरी भरवसा कसा ठेवावा? तिची सख्खी धाकटी बहीण माझ्या भावाला दिलेली. दोघींचं रोज फोनवर कुजबुजणं. ती खोलीत आली की मी स्क्रीन बंद करायला लागलो. मधे भावाचा फोन आला, तो मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

यादीत उरलेल्यांना फोन करून मी माझी रोपं विकत होतो. गायब झालेल्यांपैकी कोणी आपणहून आलंच, तर आडून विचारायचो, "धाकट्याचा फोन आलता काय?"

"नाई बा."

सगळ्यांचं एकच उत्तर. म्हणजे पढवून ठेवलेत! एवढ्या लोकांना पढवणारा माणूस किती पोचलेला असेल, विचार करा. तेवढ्यात नाचणगावकडून आलेला एक टेम्पोवाला म्हणाला, "तुमच्या भावाची मिरची कवाची तयार आहे, पण तो विकूनच नाई राह्यला." मी मनात म्हटलं, भाव चढायची वाट पाहतोय लेकाचा.

मग एका दुपारी बायको बिल करायला बसली. मी मागं उभा, पहाऱ्यावर. तिला एक नंबर हवा होता. तिनं यादीच्या वरच्या कोपऱ्यातला बारीकसा बाण दाबला. खाली दोन ओळी उघडल्या: पहिला वाटा, दुसरा वाटा. तिनं दुसरा दाबला आणि गेलेली सगळी गिऱ्हाइकं समोर हजर!

"हे कुठून आणले?"

"आणले कायचे? इथंच होते. यादी बदलवली का दिसते."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं काय? मी आली का तुमी टीव्हीवानी ते बंद करता."

तिला उठवून मी बसलो. पहिला वाटा, दुसरा वाटा, परत पहिला. लबाडी शोधत होतो, खोटं कशाला बोलू? मोठे शेतकरी दोन्हीकडे सारखे. कटकटे गिऱ्हाईकही वाटून दिलेले: एकेक रोप उपटून मुळ्या तपासणारा तिकडे, तर ऑर्डर देऊन न येणारा इकडे. बुकमार्क मात्र दोन्हीकडे सगळेच्या सगळे. लबाडी सापडेना, तसा मी जास्तच चिडलो. आणि मग लख्ख कळलं. मी वाटे पाडले नाहीत, म्हणून त्यानं पाडले. पाडणाऱ्यानं आधी उचलायचं नसतं. तो माझ्या उचलण्याची वाट पाहत होता.

"चोराच्या मनात चांदणं," बायको एवढंच म्हणाली.

मोटरसायकल काढली आणि तडक नाचणगाव गाठलं. भाऊ जाळीखाली पाणी मारत होता. मिरचीची रोपं ट्रेमध्येच उंच वाढून आडवी झाली होती, शेंड्यांवर पांढरी फुलं. फुलावर आलेलं रोप कोणताच शेतकरी लावत नाही. पहिलाच माल, सगळा उकिरड्यावर जायचा होता.

"काऊन विकली नाई रे? अर्धे नंबर तर तुले पाठ आहेत!"

"पाठ आहेत. पण त्यातले माहे कोणते, हे तुमी सांगितलंच नाई. वाटे म्या पाडले, मंग मीच कसा उचलू? फोन केलता, तुमी कापला."

  पहिल्या वाट्यावर तर मी केव्हापासून धंदा करत होतो.

"दुसरा तुहा," मी म्हटलं.

त्यानं हात पँटला पुसले आणि तिथंच दुसऱ्या वाट्यातल्या एका शेतकऱ्याचा पाठ असलेला नंबर लावला. "मामा, दादाचा धाकटा बोलून राह्यलो. माही नर्सरी सुरू झाली. मिरची आहे, पण फुलावर आली, ते तुमाले देत नाई. आजच नवीन टाकतो, ते नेजा."

त्याच्या जागी मी असतो तर फुलं खुडून तीच मिरची मामाच्या गळ्यात मारली असती. आणि माझ्याबद्दल असं काही त्यानं मनातसुद्धा आणलं नसतं.