पाहुण्याचा पहिला घास

आमच्या बेटावर पाहुण्यानं पहिला घास गिळल्याशिवाय कुणी जेवत नाही.

तिरोया मावशीनं जन्मभर अळूचे कंद पिकवायचा खड्डा जपला, आणि समुद्र चढून त्यात खारं पाणी शिरलं. कोळसा विकून गब्बर झालेल्या देशाचा साहेब परवा सभाघरात येऊन म्हणाला, "धूर कमी करणं ही आपल्या सगळ्यांचीच जबाबदारी आहे."

"आमच्याकडे चुलीशिवाय धूर कसला रे मेल्या!" मावशी पुटपुटली, आणि जेवणाच्या वेळी तिनं त्याच खड्ड्यातला उकडलेला कंद त्याच्या पुढ्यात ठेवला.

पहिल्याच घासाला साहेबाचं तोंड वाकडं झालं. सगळं गाव त्याच्याकडे बघत ताटकळलं.

"गिळा की, साहेब," मावशी कडाडली. "लेकरं भुकेली बसलीत. मीठ आम्ही नाही घातलेलं, तुमच्या देशानं घातलंय."