‘दिमान्श’मधला शेवटचा अ

कापा फणस सोलताना बोटांना खोबरेल लावलेलं असतं, तरी चीक सुटत नाही, आणि अवघ्या ओटीवर तो मधुर, किंचित मादक दरवळ पसरून राहतो. अशा वेळी समोरच्या मोबाइलमधली एक बाई मला ‘बोँझूर’ म्हणते. मी उत्तर देईपर्यंत ती पुढे सरकत नाही, आणि चिकट हातांनी तिला गप्प करण्याची सोय नाही. मग मीही गऱ्यांकडे पाहत ‘बोँझूर’ म्हणते आणि पडद्यावर हिरवी खूण उमटते. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी रत्नागिरीत बसून मी फ्रेंच शिकते आहे, याचं नवल आता आमच्या आळीलाही उरलेलं नाही.

हे सारं नातीसाठी. माझा मुलगा निनाद फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूज शहरी नोकरीला गेला आणि तिथल्याच क्लेरशी लग्न करून राहिला. त्यांची रेवा सात वर्षांची. तिला मराठी येतं ते ‘आजी’, ‘पुरे’ आणि ‘लाडू’ एवढंच. दर रविवारी ती फोनवर यायची, गोड हसायची, मग आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत बसायचो. म्हटलं, हिनं मराठी शिकून माझ्यापर्यंत यायचं तर पुष्कळ वर्षं लागतील, आणि मला तेवढी सवड नाही. आपणच जावं झालं.

रोजच्या बोलण्यातले हे शब्द किती निरुपद्रवी असतात! तिकडे म्हणे ‘बोँझूर’, म्हणजे नमस्कार, म्हटल्यावाचून दुकानदार तुमच्याकडे धड बघतही नाही. आमच्याकडे हातात पिशवी दिसत असताना ‘काय, बाजारात?’ असं विचारतात. ‘सा वा?’ म्हणजे कसं काय, आणि त्याचं उत्तरही ‘सा वा’. यातून कुणाला काय कळतं? काहीच नाही. तरी मनुष्याच्या संभाषणातला हा अर्थशून्य भाग वगळला, तर उरलेला सारा अर्थ पोरका होतो.

फ्रेंच नाकातून बोलावं लागतं, आणि तिथे माझं नाक मदतीला धावलं. याच नाकापायी अध्यापिका विद्यालयात असताना पुण्याच्या मुली मला ‘सर्दी झालीय का गं?’ असं विचारायच्या. वर्षभरात मी ते नाक मिटवलं, हेल सरळ केला. सुट्टीत घरी आले आणि दारातच काहीतरी शुद्ध बोलले, तेव्हा आई म्हणाली, “बसा हां, पाणी आणत्ये.” ती थट्टाच करत होती. पण पुढचे दोन दिवस ती माझ्याशी जपून बोलली, आणि ते मला फार लागलं. लागलं म्हणून मी मागे फिरले, असं मात्र नाही. पुढे तीस वर्षं मराठी शिकवलं आणि मुलींच्या प्रगतिपुस्तकांवर ‘उच्चार सुधारले’ असा शेरा मोठ्या समाधानानं लिहीत राहिले.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण फ्रान्सलाही लागू आहे, हे मला रेवामुळे कळलं. मोबाइलमधली बाई पॅरिसची. ती ‘आ दिमाँश’ म्हणते, म्हणजे ‘भेटू रविवारी’; शब्द नाकात शिरतो आणि दार लावल्यासारखा तिथेच संपतो. रेवा तुलूजची. ती म्हणायची ‘आ दिमान्शऽ’. मधला न चांगला वाजणारा, आणि पॅरिसवाले गिळून टाकतात तो शेवटचा अ हिच्या जिभेवर ऐटीत लोळणारा. फोन संपला तरी तो अ माझ्या कानात रेंगाळायचा. मी पॅरिसचं बोलले की ती खुदकन हसायची. आजी टीव्हीतल्या बाईसारखी बोलते, असं निनादला सांगायची.

गेल्या वर्षी निनादची बदली पॅरिसला झाली. दोनेक महिन्यांनी एका रविवारी फोन ठेवताना रेवा म्हणाली, ‘आ दिमाँश’. अ गेला होता. मी विचारलं, तेव्हा निनाद सहजपणे म्हणाला की शाळेत मुली तिच्या बोलण्याला हसायच्या, पंधरा दिवस तिनं वर्गात हातच वर केला नाही. पण आता छान सुधारलंय हो तिचं. देश तसा वेश, हे मीच त्याला शिकवलेलं. पण मला वाईट वाटलं. जिच्यापुढे त्या मुलीला जीभ सांभाळून बोलावं लागणार नाही, अशी आणखी एक तरी व्यक्ती तिला पॅरिसच्या घरात बसून गाठता यावी, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून मी विहीणबाईंना, क्लेरच्या आईला, मोडक्या फ्रेंचमध्ये निरोप धाडला: तुम्ही बोलता तसं मला शिकवा. मोनिकबाई अजून तुलूजजवळच्या खेड्यातच असतात. त्यांनी हौसेनं बोललेले निरोप पाठवले; एकात तर कोंबडीही ओरडत होती. मी तसं म्हणू लागले आणि मोबाइलमधली बाई रुसली. हिरव्या खुणेच्या जागी लाल फुली येऊ लागली. दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या सुलूवहिनींनी विचारलं, “काय गो, सकाळपासून कोणाशी भांडत्येस?”

पुढच्या रविवारी रेवा दिसताच मी खास तुलूजच्या हेलात तिला साद घातली. ती दचकली. तिनं मागे वळून पाहिलं. खोलीत तिची शाळेतली मैत्रीण बसली होती. मग रेवानं बोट पुढे केलं आणि माझा आवाज बारीक केला. पंचेचाळीस वर्षांनी माझं माप माझ्या पदरात पडलं, असं मला वाटलं.

पण तिनं फोन कापला नाही. तो घेऊन ती दुसऱ्या खोलीत गेली, दार लावलं, पलंगावर मांडी घातली आणि बोलत सुटली. वीस मिनिटं. त्यातला पाव हिस्सा मला समजला असेल; पण प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर जागेवर होता, एकही गिळलेला नव्हता.

ती खेळायला गेली तेव्हा निनादनं फोन घेतला. विचारू लागला, दार लावून एवढं काय बोलत होतात? मी म्हटलं, “काय नाय रे, अशाच आपल्या गप्पा मारत होत्ये.”

त्यानं फोन चेहऱ्याजवळ आणला. मग तो म्हणाला, “आई, हे कसं बोललीस तू?”

एकेचाळीस वर्षांचा आहे माझा मुलगा. आईच्या तोंडून तिची बोली तो पहिल्यांदा ऐकत होता.