बारकी चावी आणि माझा जुडगा

आमच्या मच्छिमार संस्थेच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कोणी काही करत नाही. बोटीच्या बुडाला कालवं धरतात ना, तसंच ते! रेवदंड्याच्या खाडीकाठी मी एकोणीस वर्षं क्लार्क आहे, त्यामुळे बरेचसे माझ्यासमोरच घडलेत. आजचे वैशालीचे. पण आधीच कबूल करतो, या पोरीवर मी जाम जळायचो!

कारण साधं होतं. संस्थेच्या सात चाव्यांचा जुडगा एकोणीस वर्षं माझ्या कमरेला. कपाट, दप्तर, बर्फाचं गोदाम, सगळं माझ्याकडे. मुलीच्या लग्नात व्याह्यांना मिठी मारताना तो खणखणला, पण कोणाच्या हातात दिला नाही.

मग बोटींचे परवाने ऑनलाइन झाले. बोट हाकणाऱ्या तांडेलांची ओळखपत्रं, बोटींचे कागद, सगळं फोनमधल्या डिजिटल वॉलेटमध्ये. मंजुरी देण्यासाठी संस्थेकडे दोन सिक्युरिटी की आल्या. पेनड्राइव्हसारख्या, अंगठ्याएवढ्या. कॉम्प्युटरला लावायची, पिन टाकायचा, वर बोट टेकवायचं. अलिबागहून रिक्षाने येणारी वैशाली आमची नवी ऑपरेटर, वय पंचवीस. हिराजी चेअरमननी एक की तिला दिली. मला म्हणाले, "शांताराम, दुसरी स्पेअर हाय. तुझ्या कपाटात ठेव, नि हात लावू नको!"

वापरणारी ती, राखणदार मी!

*

वैशाली ती की निळ्या फितीत ओवून गळ्यात घालायची. बंदरावर लगेच चर्चा! मासळी विकणाऱ्या हिराबाईने तर हातात घेऊन वजनच केलं. "किती तोल्याची गो?"

"तोळ्याची नाही मावशी, पण हिच्याशिवाय एक बोट हलत नाही."

संध्याकाळी ही बातमी माझ्या घरी माझ्याआधी पोचली. बायको म्हणाली, "एकोणीस वर्सं नोकरी केली, तुमच्या गल्यात काय न्हाय ते?"

लागलं ना मनाला! दुसऱ्या दिवशी मी जुडगा कमरेचा काढून नाडीत ओवला आणि गळ्यात घातला. सात लोखंडी चाव्या. चाललो की खळ्ळ, वाकलो की खळ्ळ.

चेअरमन आतून ओरडले, "शांताराम, कोनाचा बैल सुटला बघ रं!"

जुडगा परत कमरेला.

*

नामदेव तांडेल सत्तरीचे. त्यांचं वॉलेट बोटाचा ठसा घेईना. जाळी ओढून ओढून बोटांच्या रेषाच पुसल्या गेलेल्या. मी अनुभवी माणूस, मी सांगितलं, "तालुक्याला खेप घालावी लागेल."

वैशाली म्हणाली, "आजोबा, करंगळी लावून बघू. जाळं ओढताना ती बाहेरच राहते ना?"

लागली की हो करंगळी! सगळे म्हणाले, "वा!" मला कोणी एकोणीस वर्षांत वा म्हटलं नव्हतं. हे मलाही सुचलं असतं, जरा वेळ दिला असता तर.

दुसऱ्या दिवशी अकरा तांडेल हजर. वैशालीने सांगितलेलं, करंगळी धुऊन कोरडी ठेवा. म्हणून सगळे व्हरांड्यात करंगळी वर धरून रांगेत उभे. तेवढ्यात तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी रांग बघितली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अहो, मग जाऊन या ना! त्याला कसली परवानगी?"

*

हा किस्सा माझाच आहे, तेव्हा पटकन सांगून टाकतो.

एकदा वैशाली जेवायला उठली आणि की कॉम्प्युटरलाच राहिली. ऑफिसात मी एकटा. म्हटलं, बघू तरी असं काय मोठं असतं! सहा आकडी पिन मागितला. तिची जन्मतारीख टाकली. चूक. माझी नोकरीला लागल्याची तारीख टाकली. ती कशाला असेल तिचा पिन? पण टाकली. चूक. मग काहीतरी टाकलं. आता आणखी चुकलं तर की कायमची बंद पडेल, अशी तंबी आली. मी पाणी प्यायला निघून गेलो.

वैशाली आली, स्क्रीन बघितला. "काका, तीन वेळा चुकीचा पिन पडलाय."

"मांजर फिरलं असेल कीबोर्डवर."

"मांजराला सहा आकडे मोजता येतात?"

मी रजिस्टरात डोकं घातलं. थोड्या वेळाने ती समोर आली. "काका, तुमचा फोन द्या. इथं अंगठा लावा."

कबुलीजबाब असणार. न वाचताच लावला.

*

आता शेवटचा. नारळी पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी बावीस बोटी निघायच्या होत्या आणि आठवडाभर नेट बंद, म्हणून बावीसच्या बावीस परवाने अडकलेले. त्या सकाळी एकदाचं नेट आलं. वैशाली कामाला बसणार, इतक्यात चेअरमन म्हणाले, "थांब. जालं पुजतो, बोट पुजतो, मग हिला का न्हाय?"

तिने की गळ्यातून काढून ताटात ठेवली, सोनेरी कागदात गुंडाळलेल्या नारळाशेजारी. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. वाजतगाजत धक्क्यावर गेलो. चेअरमननी डोळे मिटले, "दर्यादेवा, सांभाल!" म्हणाले आणि अख्खं ताट पालथं केलं.

नारळ वर आला. की आली नाही.

बँजो थांबला. बावीस तांडेल वैशालीकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, तिचा उतरलेला चेहरा बघून मला क्षणभर बरं वाटलं.

सगळे ऑफिसात आलो. चेअरमन घाम पुसत म्हणाले, "स्पेअर हाय ना?"

"आहे. पण ती चालू करायला मी नेमलेल्या विश्वासू माणसाची मंजुरी लागते. त्याच्या फोनवरून."

"कोन तो? अलिबागला असतो?"

तिने बटण दाबलं आणि माझ्या खिशात फोन थरथरला.

मी चष्मा लावला. 'वैशाली यांनी आपल्याला विश्वासू व्यक्ती म्हणून नेमले आहे. स्पेअर की चालू करणे: मंजूर की नामंजूर?' खाली नेमणुकीची तारीख होती. मांजराच्या दिवसाची.

बावीस तांडेल आता माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा एकदा वाचलं. मग कमरेचा जुडगा सोडला आणि वैशालीच्या हातात दिला.

"लांब दांड्याची कपाटाची. जरा दाबून फिरव, अडकते. वरच्या फळीवर निळा डबा आहे. तू काढ तोवर, मी अंगठा लावतो."