पडलं की पाडलं

लेकराच्या हातून तांब्या निसटला आणि कुणी ‘पाडलास ना तांब्या!’ म्हणून ओरडलं, की शेजारच्या गोठ्यातून सुभद्राबाईंचा आवाज यायचा, “पाडला न्हाई, पडला म्हना.” नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जवळा बाजारच्या शाळेत रुजू झाले. मला वाटायचं, पगार मी घेते आणि व्याकरणाचा तास या बाई घेतात. हसू यायचं. कारण कळल्यावर ते गेलं.

सुभद्राबाईंचं तीनदा पोट पडलं होतं. तिन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. शेवटी सासू आणि नवरा किसनराव त्यांना हिंगोलीच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. तपासून झाल्यावर डॉक्टर ‘हॅबिच्युअल अबॉर्शन’ म्हणाले. बाहेर बाकावर सासूने कंपाउंडरला विचारलं, “काय म्हन्ला रं डाक्टर?” त्याने आपलं इंग्रजी पाजळलं, “सवयीचा गर्भपात, आजी.” आता, गावात आपोआप झालं तर ‘पोट पडलं’ म्हणत. गर्भपात म्हणजे दवाखान्यात जाऊन पाडून घेतलेलं, आणि त्यात वर सवय! एसटीतून उतरेपर्यंत म्हातारीचा निवाडा झाला होता, “हिला लेकरं पाडायची सवयच हाय.”

वर्षाच्या आत किसनरावांनी दुसरी बायको आणली. सुभद्राबाईंना कुणी हाकललं नाही; शेळ्यांच्या गोठ्याला लागून पत्र्याचा आडोसा दिला, भाकर दिली. धाकटीला दिवस गेले की मात्र यांची सावलीही चालत नसे. डोहाळजेवणाच्या दिवशी त्या शेळ्या घेऊन माळावर जात. “मी काहून पाडीन, म्याडम? मला लेकरू नको व्हतं का?” असं त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. घरातल्या एका तरी माणसाने ‘पडलं’ म्हणावं, एवढीच त्यांची आस होती. मला त्या घराचा संताप यायचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या बहिणीचं तसंच झालं. तिच्या डॉक्टरबाईंनीही अबॉर्शन हाच शब्द वापरला आणि मी भडकले. त्यांनी समजावलं, “वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत आपोआप गळालेल्या गर्भालाही हाच शब्द आहे. लागोपाठ तीनदा झालं की त्याच्याआधी ‘हॅबिच्युअल’ लावत. बाईने काही केलं, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. आता आम्ही ‘वारंवार गर्भ गळणं’ म्हणतो.”

मी धावतच येऊन सुभद्राबाईंना सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या. “आत्ता सांगा त्यायला. माझ्यासमोर सांगा.” सासू केव्हाच वारली होती. किसनराव ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं.

त्यांनी मान वर केली नाही. “ते ठावं हाय मला, म्याडम. डाक्टरनं तवाच मला बाजूला घेऊन समजावलं व्हतं. पन गावात आलो तं मायनं बोंब उठवली. आठ दिसात दुसरी सोयरीक बी ठरवली. मंग काय बोलू?”

सुभद्राबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या वळून गोठ्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या पोरीच्या हातून दुधाचं भगुणं सांडलं. पोर या बाईंच्याच तालमीत वाढलेली. ती लगेच म्हणाली, “मोठी माय, पाडलं न्हाई, पडलं.”

सुभद्राबाईंनी फडकं घेतलं आणि दूध पुसायला बसल्या.

“पाडलंच म्हन, बाई,” त्या म्हणाल्या. “काय फरक पडतो.”